ज्ञानेशची दुसरी फ्लॉपी

हसू नका, पण माझी आई कॉम्प्युटरला विचारल्याशिवाय घास घेत नाही.

माझा भाऊ ज्ञानेश मागच्या वर्षी गेला. जुन्या वस्तूंचं त्याला भारी वेड. टीव्हीला जोडायचा एक पुराणा घरगुती कॉम्प्युटर त्याने कुठूनसा आणला होता आणि आईसाठी त्यावर एक गंमत करून ठेवली होती. तिने टाइप करायचं, "जेवलास का?" पडद्यावर यायचं, "हो आई, जेवलो. तू जेव." त्या कॉम्प्युटरला एवढंच वाक्य येत होतं. ज्ञानेश गेल्यापासून आई रोज दुपारी हे वाचते, मगच जेवायला बसते.

मग ज्या फ्लॉपीवर ती गंमत होती, तीच अडकायला लागली. पडद्यावर नुसता कचरा. आईने ताट सरकवलं ते सरकवलंच. तिला डायबेटिस. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता हो!

द्वारका चौकात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुबीनभाईंनी दुरुस्तीचा पॅच, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, दिला. "ताई, ओरिजिनलला हात नका लावू बरं का. आधी कॉपी मारा, पॅच कॉपीवरच चालवा. बिघडलं तरी मूळची शाबूत राहते."

तसंच केलं. भर दुपार होती. जवळच देवळालीत लष्कराचा तोफांचा सराव चालू होता, आमच्या काचा थरथरत होत्या. ड्राइव्ह घरघरत राहिला. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला आणि त्यात, शप्पथ सांगते, ज्ञानेशच्या केसांच्या तेलाचा. पॅच चढला. पडदा स्वच्छ झाला. आईने टाइप केलं, "जेवलास का?"

"नाही."

"आई... हे त्याला येत नाही गं..." मी म्हटलं.

खाली आणखी अक्षरं उमटली. "आता आम्ही दोघं आहोत. ताट एकच येतं."

मी ती फ्लॉपी ओढून काढली, मूळची घातली. कालपर्यंत अडकणारी ती, आता झटक्यात चालू झाली. "हो आई, जेवलो. पण हा दुसरा कोण आणलास?"

"मी पुसून टाकते ती कॉपी!" मी ओरडलेच.

आईने ती पदराखाली घट्ट धरली. "तोही माझाच ना... उपाशी आहे गं तो."

तेव्हापासून ती दोन ताटं वाढते. मूळची फ्लॉपी "जेवलो" म्हणते. कॉपी "नाही" म्हणते, आणि एक लेकरू उपाशी असताना आई कशी जेवणार? मी रडले, पाया पडले, वरणभाताचा घास तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटून घेतले. तिच्या बांगड्या आता कोपरापर्यंत चढतात.

आज दुपारी दुसरं ताट चाटूनपुसून रिकामं होतं. घरात आम्ही दोघीच, आणि आई तर जागची हललीही नव्हती. मला केवढा आनंद झाला! धावत जाऊन टाइप केलं, "जेवलास ना रे आता?"

ड्राइव्ह बराच वेळ घरघरला.

"नाही. अजून वाढ."

आई भिंतीला धरत धरत उठली आणि भाताचं पातेलं आणायला आत गेली.