चौथा फटका कुणाचा?

चेंडू खिडकीतून आत आला, कपाटावर टप्पा घेतला आणि माझ्या टेबलावरच्या पाकिटांच्या ट्रेमध्ये जाऊन बसला, अगदी शहाण्या मुलासारखा. मी पेन खाली ठेवलं. गोल्फ क्लबच्या या कचेरीत मी अकरा वर्षं गुणपत्रकं तपासत होते. छपरावर चेंडू आदळलेले ऐकले होते, पण असा पाहुणचाराला आत कुणी आला नव्हता.

पाठोपाठ खिडकीत एक चेहरा उगवला. घामेजलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेला.

"माफ करा हं... लागलं नाही ना कुठे?"

"मला नाही. कपाटाला लागलंय."

"मग..." त्याने मान लांब करून ट्रेकडे पाहिलं. "इथूनच मारला तर चालेल? खिडकी उघडीच आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही, माणूस खरंच विचारत होता!

"त्या पांढऱ्या खुंट्या दिसतात? त्यांच्या अलीकडे आला की चेंडू हद्दीबाहेर. एक फटका दंड, आणि आधीचा जिथून मारलात तिथे परत जाऊन पुन्हा मारायचा."

"एवढं लांब परत चालत?"

"चेंडू बिचारा तिथून उडत आला. तुम्हाला चालायला काय झालं?"

तो हसला. हसताना त्याचा चष्मा आणखी घसरला, आणि मला — का कोण जाणे — तो हात पुढे करून वर सरकवावासा वाटला. मी घाईघाईने चेंडू त्याच्या हातात दिला आणि पाकिटं नीट लावत बसले. ती आधीच नीट होती.

त्याचं बाजारात चष्म्यांचं दुकान. सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. फटका असा सुरेख, की माळी हातातला पाइप तसाच वाहता ठेवून बघत उभे राहत. आणि नियमांच्या नावाने आनंदीआनंद. दोन स्पर्धांत गुणपत्रकावर सही करायला विसरला म्हणून बाद झाला होता. दोन्ही वेळा बाद करणारी मीच, चेहरा न बघता, नुसत्या कागदावर.

माझं उलटं होतं. नियमांची पुस्तिका मला पानांसकट पाठ होती. कचेरीत दुपारी वाचायला दुसरं होतं काय! पण आयुष्यात एकदाही स्टिक हातात धरलेली नव्हती.

पुढच्या शनिवारी तो गुणपत्रक घेऊन खिडकीशी आला. या वेळी सही होती. मी कार्ड हात लांब करून वाचत होते.

"एवढं लांब का धरता?"

"सवय आहे."

"ही सवय चाळिशीत लागते."

"मग मला अजून एक वर्ष आहे," मी म्हटलं आणि कार्ड नाकाशी धरून दाखवलं. एक अक्षर लागेल तर शपथ.

तो हसला नाही. खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून म्हणाला, "पुढच्या वर्षी जोडीच्या सामन्यात माझ्याबरोबर खेळाल?"

आता हा जोडीचा सामना म्हणजे काय, ते सांगायला हवं. दोन माणसं, चेंडू एकच. एक फटका याचा, पुढचा तिचा, मग पुन्हा याचा. एका होलला सुरुवात एकाने करायची, पुढच्याला दुसऱ्याने. कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालेल त्या जोडीचा तो होल, आणि असे होल अठरा. सभासद आपल्या जोडीला कुणालाही घेऊ शकतो. आणि जिंकणाऱ्या दोघांची नावं हॉलमधल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत रंगवतात.

तो फलक... त्याचं काय सांगू! दरवर्षी रंगाऱ्याला नावं लिहून देणारी मी, काना-मात्रा तपासणारीही मी. गेली सहा वर्षं डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, तीच दोन नावं. रोज सकाळी त्या फलकाखालून जाताना मी मनातल्या मनात तिथे आणखी एक नाव वाचायचे. माझं. हे मी सख्ख्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला खेळता येत नाही," मी म्हटलं.

"मला नियम येत नाहीत. फिट्टंफाट. सामन्याला नऊ महिने आहेत."

"नऊ महिन्यांत काय होतं?"

"अहो, नऊ महिन्यांत अख्खा माणूस जन्माला येतो. एक फटका नाही येणार?"

दुसऱ्या दिवशी क्लबभर झालं. सेक्रेटरी साहेब टेबलापाशी थांबून म्हणाले, "बाई, नियम पाठ असले म्हणून चेंडू उडत नसतो." घरी वहिनीने भाजी निवडता निवडता टोला हाणला, "वन्सं, सुईत दोरा ओवायला मला हाक मारता, आणि एवढासा चेंडू दिसणार आहे होय?" आई तेवढी म्हणाली, "जाऊ दे गं तिला. काठी म्हातारपणी धरण्यापेक्षा आत्ताच धरलेली बरी."

आम्ही सकाळी सातला भेटायचो, कचेरी उघडायच्या आधी, सामानाच्या खोलीमागच्या मोकळ्या पट्टीवर. गवतावर दव असायचं. आमच्या पावलांच्या दोन रांगा त्यावर उमटायच्या आणि नऊच्या उन्हात गुपचूप पुसल्या जायच्या.

"ओल्या साबणाची वडी धरतो तशी स्टिक धरा. जास्त आवळली की निसटते."

"आणि सैल धरली तर?"

"तर पायावर पडते. म्हणजे... मधलं काहीतरी." त्याने माझी बोटं एकेक करून नीट बसवली. पाचवं बोट बसवायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

"करंगळीत एवढं काय आहे?"

"अवघड असते करंगळी," तो म्हणाला. कान मात्र लाल.

माझी एक खोड काही केल्या जाईना. चेंडू कुठे गेला ते बघायची घाई. फटका बसायच्या आतच डोकं वर. मग चेंडू कधी गवत खरवडत जायचा, कधी जागचा हलायचासुद्धा नाही. दोन महिने हेच. एकदा तर मी स्टिक गवतात फेकून रडायला लागले. दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून पोस्टकार्डाएवढा तक्ता काढला — दुकानात डोळे तपासतात तसा, अक्षरं लहान लहान होत जाणारा. माझ्या पायांजवळ, चेंडूच्या अलीकडे तो गवतावर ठेवला.

"फटका मारायचा आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचायची. मग वर बघायचं. चेंडू काही पळून जात नाही. म्हणजे जातो, पण त्यासाठीच तर मारलाय ना आपण?"

मी मारला. "क, प, त, र..." वाचलं आणि वर पाहिलं. चेंडू आभाळात होता! पांढरा, एवढासा, आणि माझा. मी किंचाळले. माळीबुवांनी टाळ्या वाजवल्या.

"तळाशी ही ओळ कोरी का?" मी तक्ता उचलून विचारलं.

"छापायची राहिलीय," तो म्हणाला, आणि तक्ता झटकन खिशात घातला.

मी त्याला नियम शिकवत होते. दंडानंतर चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा, खांद्यावरून नाही. चेंडू जसा पडला तसा खेळायचा, पायाने सरकवायचा नाही. कुणी बघत नसलं तरी.

"कुणी बघत नसलं तरी?"

"आपण बघत असतो ना."

नऊ महिन्यांनी सामने सुरू झाले. माझे फटके छोटे, पण सरळ, त्याचे लांब. एकेक जोडी हरवत आम्ही अंतिम सामन्यात पोहोचलो तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का मलाच बसला होता. समोर डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, दोघंही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, जणू ऑपरेशनलाच निघालेले. सतरा होल झाले आणि हिशेब बरोबरीत. अठरावा जो जिंकेल त्याचा सामना.

अठराव्याकडे चालताना तो हळूच म्हणाला, "जिंकलो तर तुला एक विचारायचंय."

तुला! नऊ महिन्यांचं 'तुम्ही' त्याने कुठल्या होलमध्ये टाकलं होतं?

"आणि हरलो तर?"

"तरी विचारणारच. फक्त आवाज बारीक येईल."

अठराव्याची सुरुवात माझी. फटका बरा बसला, गवताच्या मधोमध. दुसरा त्याचा. त्याने स्टिक उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं... आणि चेंडू सरळ तळ्यात. डुबुक! त्याचा असा फटका मी कधी पाहिला नव्हता. आपण काय विचारणार आहोत याचाच विचार करत होता, दुसरं काय!

एक फटका दंड. तळ्याच्या अलीकडे त्याने चेंडू सोडला, बरोबर गुडघ्याच्या उंचीवरून. शिकला होता बिचारा. आता समोर ऐंशी पावलं पाणी, आणि पलीकडे होलभोवतीची हिरवळ. डॉक्टर मंडळी तीन फटक्यांत तिथे पोहोचून वाट बघत होती.

सामन्याचे पंच म्हणून आलेल्या सेक्रेटरी साहेबांनी बोटांवर मोजलं. "दुसरा यांचा, तिसरा दंडाचा, तो बाईंच्या खात्यात. चौथा यांचा. मारा, चष्मेवाले."

पलीकडून डॉक्टरांनीही हात हलवला, मारा म्हणून. चष्मेवाला स्टिक घेऊन पुढे झाला.

पण मला माहीत होतं, पुस्तिकेत जोडीच्या सामन्याच्या भागात, डाव्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत: दंडाचा फटका कुणी मारलेला नसतो. त्याने जोडीचा क्रम बदलत नाही. शेवटचा फटका त्याचा होता, म्हणजे हा माझा. ऐंशी पावलं पाणी मी सरावात दहापैकी चारदा पार केलं होतं. तो डोळे मिटून करायचा. आणि पंचांनीच सांगितलंय... मी फक्त गप्प बसायचं होतं. तेवढंच.

"थांबा," मी म्हटलं. "हा फटका माझा आहे."

साहेबांच्या कपाळावर आठ्या. "बाई, मी मोजलंय."

"पुस्तिका काढा साहेब. जोडीच्या सामन्याचा भाग, डावं पान."

त्यांनी काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग पुस्तिका मिटून घसा खाकरला आणि एक पाऊल मागे सरकले.

चष्मेवाला माझ्याजवळ आला. "अगं, गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं नसतं."

"मला रोज त्या फलकाखालून जायचंय," मी म्हटलं. "स्टिक दे."

दे! माझंही 'तुम्ही' तळ्यात गेलं.

वारा पडला होता. पायाशी तक्ता नव्हता, सामन्यात चालत नाही तो. गवताचं एक पातं तेवढं होतं, टोकाला पिवळं पडलेलं. साबणाची वडी. करंगळी. मी फटका मारला आणि त्या पात्याकडे बघत राहिले. क, प, त, र... डुबुक आवाजाची वाट पाहिली.

तो आलाच नाही.

"बघ की आता!" तो ओरडला. "बघ वर!"

चेंडू पलीकडे टप्पा घेऊन हिरवळीवर घरंगळत होता. होलपासून हातभर अंतरावर थांबला. माळीबुवांनी टोपी उडवली, ती झाडात अडकली.

डॉक्टरांना दोन फटक्यांत आटपायचं होतं, बरोबरीसाठी. एवढी ऑपरेशनं केलेला तो हात, पण त्या दिवशी चळला. चेंडू होलच्या पुढे गेला, डॉक्टरीणबाईंचा परतीचा काठावर थबकला. त्यांचे सहा झाले. आमचा पाचवा त्याने अलगद आत ढकलला. टुक्. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

आम्ही जिंकलो! डॉक्टरीणबाईंनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाल्या, "मलाही वाटलं होतं त्यांचाच नंबर आहे. तुम्ही बोललात म्हणून हरलेलंही बरं वाटतंय." साहेब नुसतंच म्हणाले, "उडाला हो बाई चेंडू."

सगळे हॉलकडे निघाले. तो मागे राहिला. खिशातून तोच तक्ता काढून त्याने माझ्या हातात दिला. "तळची ओळ छापून झाली."

मी पाहिलं. मुंग्यांची रांग. हात लांब केला. आणखी लांब केला. मुंग्याच.

"एवढं बारीक कोण छापतं!"

"ज्याच्याकडे हे तयार असतं तो." त्याने दुसऱ्या खिशातून चष्मा काढला, बारीक काड्यांचा, आणि स्वतःच्या हाताने माझ्या नाकावर बसवला. मुंग्यांची अक्षरं झाली.

"इथून पुढे दोघांनी एकाच चेंडूने खेळू या?"

खाली त्याची सही. शेजारी एक रिकामी रेघ.

"या वेळी विसरलो नाही," तो म्हणाला. आवाज खरंच बारीक आला.

अकरा वर्षांची सवय कामी आली. केसांत खोचलेलं पेन काढलं, कार्ड नीट तपासलं, आणि रेघेवर सही केली.

फलक रंगवायला रंगारी आला तेव्हा नावं मीच लिहून दिली, काना-मात्रा चष्मा लावून तपासली. माझ्या नावावर सोनेरी रंग चढताना मी खाली खुर्ची टाकून बसले होते, तो वाळेपर्यंत.

"बाई," रंगारी शिडीवरून म्हणाला, "लग्न ठरलंय म्हणतात. पुढच्या वर्षी आडनाव बदलून रंगवायचं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "जसं पडलंय तसंच राहू दे. खाली जागा मात्र ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा लागेल."