वहिनीचा शेवटचा सांधा

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

वहिनी गेल्याचा फोन आला तो मंगळवार होता. दुपारचे सव्वाबारा. माझा थोरला भाऊ वर्कशॉपमध्ये तिच्याच मशीनसमोर उभा होता.

हे मशीन धातूची पूड लेसरने वितळवून थरावर थर चढवतं. वहिनीला पोलादावर तांबं बसवायचं होतं. पण दोघांचं जमत नाही. निवताना सांधा तडकतो. मध्ये निकेलचा थर द्यावा लागतो.

"पोलाद म्हणजे तुम्ही, तांबं म्हणजे मी," ती दादाला म्हणायची. "मधलं निकेल म्हणजे सासूबाई. त्या आहेत म्हणून संसार टिकलाय!"

काम संपलं की ती मशीनच्या दारावर अंगठीने तीनदा टकटक करायची. दादा दार उघडायला धावला की ओरडायची, "अहो, निवू द्या! चहा आहे का तो, फुंकून प्यायला?"

ती गेल्यावर दोन महिन्यांत दादाने सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा धीर सुटला, दार लवकर उघडलं. सहाही सांधे तडकले.

निकेलमध्ये काय किती मिसळायचं, ते तिने कुठेच लिहिलं नव्हतं. तिच्या हातची पूड आता एकाच तुकड्यापुरती उरली होती. आणि शनिवारी मशीन विकलं जाऊन दुसरीकडे जाणार होतं.

आज शुक्रवार. दुपारी शेवटचा थर पडला.

लेसर विझला.

पंखा थांबला.

आत सोडलेल्या गॅसची सुरसुरही थांबली...

दादाला राहवेना. त्याने कडीला हात घातला.

आणि आतून...

टक. टक. टक.

अंगठीचाच आवाज!

त्याने खिसा चाचपला. हॉस्पिटलमधून मिळालेली तिची अंगठी खिशातच होती.

"तू आहेस का गं?"



मी पोचलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता. मी म्हटलं, "दादा, सांधा तडकला असेल रे. तीन तडे गेले असतील."

"तडा एकदाच वाजतो," तो म्हणाला. मग दाराकडे बघत, "आजवर तरी एकदाच वाजलाय..."

सांधा अखंड असेल तर ती आली होती. तडकला असेल तर कुणीच नव्हतं.

मशीन केव्हाच गार पडलंय. सकाळी न्यायला माणसं येतील.

दार उघडायचं राहिलंय.