काहीच न करणाऱ्या ओळी

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या त्या कारखान्यात मी बातमीदार म्हणून एकच प्रश्न विचारायला गेलो होतो. तुमचं श्वासयंत्र रुग्णालयात मध्येच का अडकलं? रुग्ण दगावला होता आणि कंपनी बोट दाखवत होती अल्फ मॅकेनाकडे. यंत्राची झडप उघडमीट करणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, त्याने लिहिला होता. अल्फ त्याआधीच वारला होता. मेलेल्यावर खापर फोडणं सोपं, तो वर्तमानपत्राला फोन करत नाही.

उन्हाळ्याची दुपार होती. उत्तरेचा तापलेला वारा छपराचे पत्रे वाजवत होता. अल्फच्या जागी आलेली ब्रॉनविन घामेजून पडद्यासमोर बसली होती. शेजारी यंत्राला जोडलेली रबरी पिशवी, चाचणीचं खोटं फुफ्फुस, फुगत होती, बसत होती.

"असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम चिपवर चढवणारं हे टूल कसं चालतं ते कुठेच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "अल्फ साहेबांकडे माहिती मागून मागून थकला. उत्तर काय, तर तुझं तू जमव. शेवटी चाचपडत त्यालाच कळलं, की झडपेच्या दोन हुकमांमध्ये काहीच न करणाऱ्या ओळी टाकाव्या लागतात. तेवढ्या उसंतीत झडप मिटते."

"मग अडकली कशी?"

"तो गेल्यावर साहेबांनी त्या ओळी उडवल्या. फुकट जागा खातात म्हणे. आज मी त्या परत घातल्या."

"खातातच!" मालक रॉस पिकेट दारात उभा होता. "ब्रॉन, संध्याकाळी यंत्रं मुलांच्या वॉर्डात जायची आहेत. माझीच आवृत्ती चढव."

"रॉस, पोरं गुदमरतील."

"त्याआधी तुझी नोकरी गुदमरेल. ऊठ!"

ती उठली. त्याने स्वतः ओळी खोडल्या, चिपवर चढवल्या, चिप परत वाचून पाहिली.

ओळी जागच्या जागी होत्या.

त्याने पुन्हा खोडल्या. पुन्हा त्या होत्या... आणि आता जास्त होत्या.

"चेष्टा करतेस माझी?"

"माझे हात खिशात आहेत, रॉस..."

पिकेटने संतापून पडद्याचा आणि यंत्राचा प्लग उपटला. पडदा काळा झाला. पिशवी मात्र फुगली. थांबली... मग सावकाश बसली. पुन्हा फुगली.

"बॅटरी असेल," तो पुटपुटला.

"याला बॅटरी नाही..."

काही वेळाने पिशवी आपसूक निपचित पडली. "राहू देत त्या ओळी," पिकेट भिंतीकडे बघत म्हणाला आणि निघून गेला. यंत्रं त्या ओळींसकट वॉर्डात गेली. कंपनीने निर्लज्जपणे जाहीर केलं, की मॅकेनाची चूक आम्ही सुधारली! मी खरं काय ते छापलं. कंपनीचा खुलासा आजवर आलेला नाही.

त्या दुपारी मी निघताना ब्रॉनविनने पिशवीची पारदर्शक नळी सोडवली. आतून ती दवाने पांढुरकी झाली होती.

"यातून फक्त कोरडी हवा जाते," ती हळूच म्हणाली. "आणि फुफ्फुस रबराचं आहे..."

तिने नळी माझ्या हातात दिली. ती कोमट होती.