उलटी ठेवलेली खुर्ची

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहितोय.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. नवी इमारत. तळमजल्यावरचा पहिलीचा वर्ग.

मी शाळेत सुतारकाम करतो. माझी बायको तिथेच पहिलीला शिकवायची. हिवाळ्यात ती गेली.

शाळा दरवर्षी वाढतेय. गेल्या वर्षी एकेका खुर्चीवर दोन-दोन पोरं बसायची. त्यावरून ही मोठ्या बाईंशी, म्हणजे मुख्याध्यापिकांशी, भांडायची. यंदा बाईंनी सभेत नव्या वर्षाची उद्दिष्टं वाचून दाखवली. नवी इमारत पहिल्या दिवसापासून सुरू. वर्षाअखेर प्रत्येक मूल वाचतं झालं पाहिजे. आणि सगळ्यांत आधी, प्रत्येक मुलाला स्वतःची खुर्ची.

ते वाचताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

हिच्या वर्गाची एक रीत होती. घरी जाताना प्रत्येकाने आपली खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवायची, म्हणजे झाडायला सोपं. सकाळी आला की आपली आपण खाली घ्यायची. जो आला नाही त्याची वरच. हजेरी घ्यायच्या आधीच हिला कळायचं, आज कोण नाही.

त्या संध्याकाळी मी सगळ्या खुर्च्या खाली मांडल्या. पोरांना वर्ग तयार दिसावा, असं मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. दार ओढून कुलूप लावलं.

आतून आवाज आला... टक्.

लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा.

दार उघडलं. आत कुणी नाही. खिडक्या बंद. नव्या रंगाचा वास.

खिडकीजवळची एक खुर्ची टेबलावर उलटी होती.

वाटलं, आपणच विसरलो असू. खाली घेतली. परत कुलूप लावलं. व्हरांड्याच्या टोकालाही पोचलो नसेन...

टक्.

तीच खुर्ची.

वॉचमनला बोलावलं. तो हसला. म्हणाला, "काका, इमारत नवी आहे. भुतंसुद्धा अजून राहायला आली नसतील." पण उंबऱ्याच्या आत काही तो आला नाही.

खुर्चीतच काही खोट असेल म्हणून मी ती बदलली. शेजारच्या वर्गातली आणून ठेवली. दार लावलं.

टक्...

ती नवीनही वर.

तिच्या पाठीवर खडूने माखलेल्या बोटांचे ठसे होते. त्या इमारतीत अजून खडू आलाच नव्हता.

"अगं, पुरे आता," मी म्हणालो. "सगळ्यांना खुर्ची मिळाली. तुझ्याच मनासारखं झालं ना?"

खुर्ची खाली ठेवली आणि निघालो. या वेळी आवाज आला नाही.

सकाळी पोरं आली. रडारड, गोंधळ, आयांची गर्दी. हळूहळू सगळ्या खुर्च्या भरल्या.

खिडकीजवळची सोडून.

ती टेबलावर उलटी होती. नव्या बाईंना रीत ठाऊकच नव्हती. त्या मला विचारत होत्या, ही तुम्हीच वर ठेवली का?

तेवढ्यात ऑफिसात फोन आला. वर्गात न आलेल्या एकाच मुलीच्या वडिलांचा. रात्रीतून ताप वाढला होता. सकाळी पोर उठलीच नाही.

मोठ्या बाई फोन ठेवून वर्गात आल्या, खुर्ची पाहिली. मग म्हणाल्या, "दादा, ती खुर्ची राहू द्या तशीच."

 

घरी स्वयंपाकघरात दोन खुर्च्या आहेत, माझ्याच हातच्या. ही गेल्यापासून हिची खुर्ची मी उलटी करून टेबलावर ठेवतो. रिकामी बघवत नाही. जेवताना आपली समोर असते.

काल संध्याकाळी कामावरून आलो. कुलूप उघडलं. दिवा लावला.

हिची खुर्ची खाली होती... किंचित मागे ओढलेली, कुणी नुकतंच बसल्यासारखी.

आणि माझी वर.

मी हात लावला नाही. हे उभ्यानेच लिहितोय.