डाव्या कानामागचा केस

वस्तऱ्यांसाठी नावाजलेल्या सोलिंगेन गावाच्या खालच्या अंगाला, वुपर नदीच्या काठावर हुल्डाचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी एवाल्डचं, तिच्या नवऱ्याचं, बाकडं होतं. चाळीस वर्षं तो तिथे बसून वस्तऱ्यांना शेवटची धार लावायचा. हुल्डा ते वस्तरे पुसायची, तेल लावून कागदात गुंडाळायची, आणि टोपली डोक्यावर घेऊन चढणीवरच्या कारखान्यात पोचवायची. गावातली निम्मी घरं अशीच चालायची. धार लावायची पुरुषांनी आणि वाहायची बायकांनी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वस्तरा झाला की एवाल्ड आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचा, "हुल्डे, डोकं आण इकडे!"

ती हातातलं काम टाकून यायची. तिच्या डाव्या कानामागचा एक केस तो टचकन उपटायचा आणि पात्यावर अलगद धरायचा. केस हवेतल्या हवेत तुटला की धार पास.

"एक दिवस टक्कल करशील माझं," ती कान चोळत म्हणायची.

"मग दाट केसांची दुसरी करीन," तो म्हणायचा, आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचा.

सप्टेंबरात तो गेला. शेजारचा युलियुस त्याच्याच धंद्यातला, त्याचा जन्माचा सोबती. तो म्हणाला, "शेवटची दाढी मी करतो त्याची." पण हुल्डा हट्टाला पेटली. "चाळीस वर्षं त्याचं सगळं मी केलंय. हेही मीच करणार." तिनं एवाल्डचा स्वतःचा वस्तरा घेतला आणि तो करायचा तसाच चामड्याच्या पट्ट्यावर सपासप ओढला. तिथंच चुकलं. पट्ट्याच्या टोकाला वस्तरा त्याच्या बोथट पाठीवर वळवायचा असतो. तिनं तो धारेवर वळवला. इतकी वर्षं नुसतं बघून आपल्याला येतं असं वाटलं होतं बिचारीला. धार मुडपली, आणि जबड्याखाली ती खरडतच राहिली. कातडी कापली, पण रक्त आलं नाही. ते न आलेलं रक्त बघून तिनं वस्तरा खाली ठेवला. दोन बोटं जागेवर खुंट तसेच राहिले आणि शवपेटीवर झाकण बसलं. ज्याच्या धारेचं नाव गावभर, तो अर्धवट दाढीनं मातीत गेला, आणि तेही बायकोच्या हातून.

पंधरा दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. मग एका सकाळी ती युलियुसच्या दारात उभी राहिली.

"मला शिकव."

"काय शिकवू?"

"धार लावायला."

"अगं हुल्डा, आता विजेची यंत्रं आलीत. पोरं गालावर घुर्रघुर्र फिरवतात नि कामाला पळतात. कुणासाठी शिकणार तू?"

"शिकवतोस की जाऊ?"

तो रोज दुपारी येऊ लागला. एवाल्डचा धार लावायचा पिवळा बेल्जियन दगड, त्यावर चमचाभर पाणी, आणि त्याच वस्तऱ्याचं पातं आडवं निजवून धार पुढं ठेवून सरकवायचं. "दाबू नकोस!" तो खेकसायचा. "पावाचं पीठ नाही मळत आहेस. कान दे. खरखर गेली आणि नुसता पाण्याचा आवाज उरला की थांब." मग केसाची परीक्षा. कंगव्यातला केस त्याला चालत नसे, डोक्यातला ताजा लागे. हुल्डा आपल्याच हातानं उपटायची. केस नुसता वाकायचा.

आठवडाभरात वस्तरा निदान कागद कापू लागला. तो तिनं संध्याकाळी बाकड्यावर डबीत ठेवला. सकाळी पाहिलं तर कागदही कापेना.

"नदीची ओल," युलियुस म्हणाला. "तेल लावून ठेव."

तिनं तेल लावलं. सकाळी तेल पुसलेलं होतं आणि धार गेलेली.

युलियुसनं भिंग काढलं आणि पातं खिडकीच्या उजेडात धरलं.

"ही ओल नव्हे," तो म्हणाला. "यानं कुणीतरी दाढी केलीय. राठ दाढी." मग तिच्याकडे न बघता, "तुझा भाचा-बिचा येतो का गं मुक्कामाला?"

"माझ्याकडे कोण येतंय?"

"दार लावतेस ना?"

"आतून कडी असते."

त्या दिवशी त्यानं कॉफी अर्धीच टाकली आणि उठून गेला.

चौथ्या सकाळी एवाल्डची साबणाची वाटी खिडकीत होती. ती तिनं धुऊन कपाटात वर ठेवलेली होती. काठाला फेस वाळला होता आणि फेसात खुंट चिकटले होते. पांढरे, आणि मधे चार-दोन तांबूस. एवाल्डची दाढी पिकली तरी जबड्याखाली लाल केस शेवटपर्यंत राहिले होते. ते तिनं डोळे मिटूनही ओळखले असते. वाटी मांडीवर घेऊन ती हमसून हमसून रडली.

"माझ्या राजा," ती म्हणाली, "तेवढंच अडलंय का रे तुझं?"

युलियुसला तिनं यातलं काही सांगितलं नाही. भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. ती सकाळपासून दगडाशी बसू लागली. बोटांना भेगा पडल्या, मनगट सुजलं. वस्तरा रोज थोडा बरा होत गेला, आणि वाटीतले खुंट रोज थोडे कमी.

ऑक्टोबरच्या अखेरीला एका दुपारी तिनं केस पात्यावर धरला आणि तो हवेतच तुटला.

"झालं!" युलियुसनं मांडीवर थाप मारली. "शिकलीस की! एवाल्डनं पाहिलं असतं तर..." तो मधेच थांबला, टोपी शोधू लागला आणि गेला.

हुल्डा वस्तरा हातात घेऊन बसून राहिली. हीच धार हवी होती. आज त्याची दाढी तुकतुकीत होईल, जबड्याखालचं सगळं निघेल. आणि मग उद्यापासून तो कशाला येईल?

बाहेर ऊन उतरत होतं.

बाकड्याखाली एवाल्डची रिकामी बिअरची बाटली होती. तिनं ती घेतली आणि धार बाटलीच्या गळ्यावरून ओढली. बिघडलेली धार मोडून नव्यानं लावायची असली तर कारागीर असं करतात. चांगल्या धारेला असं कुणी करत नाही. काच किर्रर्र वाजली.

तिनं पुन्हा एकदा ओढली. वस्तरा डबीत ठेवला.

सकाळी वाटी कपाटातच होती. कोरडी. ब्रशही कोरडा.

दगड मात्र ओला होता.

वस्तरा दगडाशेजारी उघडा पडला होता. त्याच्या बाजूला एक लांब, करडा केस. दोन तुकडे झालेला.

तिचा हात आपोआप डाव्या कानामागे गेला. तिथं बारीकशी आग होत होती.

नाताळाच्या आधी युलियुस थाळीत गरम वाफल घेऊन आला. बाकड्यावर बाटली होती. तिचा गळा ओरखड्यांनी पांढराफटक झाला होता.

"बिअर कधीपासून गं?" त्यानं विचारलं.

ती कॉफी ओतायला वाकली आणि डोक्यावरचा रुमाल घसरला. डाव्या कानामागे तळहाताएवढी जागा मोकळी होती. गुळगुळीत. एक केस म्हणून नव्हता.

युलियुसच्या हातातली थाळी तशीच राहिली.

हुल्डानं सावकाश रुमाल सारखा केला. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

"उजवी बाजू अजून आहे," ती म्हणाली.