उलटं पालाण

पूर्वेच्या डोंगरकण्यावर तांबडं फुटलं, दरीतलं धुकं दुधासारखं उतू जाऊ लागलं, आणि त्या धुक्यातून कांबरगडाचा काळाकभिन्न बुरूज वर आला. पण त्या पहाटे घाटात एकाही बैलाची घंटा वाजली नाही. कशी वाजणार? घाटाच्या ऐन तोंडाशी बैलाच्या पाठीवर ओझं लादायचं एक पालाण उलटं पडलं होतं!

ते पालाण वंजाऱ्यांच्या तांड्याचा नाईक खेमा याच्या बैलाचं, आणि ते तिथं ठेवलं होतं त्याच्या लेकीनं, झुंबरनं.

वरचं देवखोरं आणि खालची सागरपट्टी या दोन राज्यांत चार वर्षं तलवार चालली होती, तरी वंजाऱ्यांचे तांडे कधी थांबले नव्हते. वरची बाजरी खाली जाई, खालचं मीठ वर येई. आणि दोन्ही दरबारांनी तांड्यांना अभयाचा कौल दिला होता, कारण भूक कुणाची रयत नसते. तो कौल कांबरगडचा किल्लेदार शिदोजी घारगे यानं मोडला. त्यानं अख्खा तांडा लुटला, कौलाचा ताम्रपट पुढं धरणाऱ्या खेमा नाइकाचा कडेलोट केला, मागोमाग त्याच्या म्होरक्या बैलाचं, मोत्याचं, पालाणही दरीत भिरकावलं, आणि मोत्याला डोळ्यांना झापड बांधून तेलाच्या घाण्याला जुंपलं.

झुंबरनं दरीतून बापाचा देह आणला, तसंच पालाणही आणलं. रिवाजच होता: नाइकाचं पालाण वाटेत उलटं पडलं, की ठेवणाऱ्या हातानं ते सुलटं करेपर्यंत कुठल्याच तांड्यानं ती वाट ओलांडायची नाही.

शिदोजीनं ते लाथेनं उडवलं. दुसऱ्या दिवशी तिथं सगळ्या तांड्यांची मिळून चाळीस पालाणं उलटी पडली होती!

"पडू द्या!" शिदोजी गडगडाटी हसला. "तीन वर्षांचं धान्य आहे अंबारात. पोरगी बसेल बोंबलत!"

धान्य होतं, खरंच होतं. पण या बहाद्दरानं मिठाचा विचारच केला नव्हता. मीठ काय, दर आठवड्याला बैलावरून येतच असे! आता मात्र खालचे मीठ पिकवणारे आगरी तांड्याखेरीज कुणाला खडा देईनात. महिना उलटला. भाकरी अळणी, आमटी अळणी. शिपाई ताटं सरकवून उठू लागले, घोडी भिंती चाटू लागली.

इकडे तांड्यातला म्हातारा लखमाकाका झुंबरला म्हणाला, "पोरी, खाली सागरपट्टीत लोक कंद उकडून खाताहेत. त्यांनी तुझं काय केलंय?"

झुंबरनं ओठ चावला. "डोक्यावरची पाटी जाऊ द्या, काका. बाया जेवढं धान्य नेतील तेवढं नेऊ द्या. पण बैल? बैल नाही जायचा. माझ्या बाला ज्यानं ढकललं, तो मला हवाय."

"आणि नाही मिळाला तर?"

"मागितल्याशिवाय कसा मिळेल? आजच जाऊन मागते!"

सूर्य कासराभर वर आला तेव्हा ती एकटी गडाच्या दरवाजासमोर उभी होती, ओंजळीत पांढरंशुभ्र मीठ घेऊन.

"मर्दांनो!" तिचा आवाज कड्यांवरून घुमला. "शिदोजीला माझ्या हवाली करा. संध्याकाळच्या आत घाट मोकळा करते!"

"उडवा तिला!" तटावरून शिदोजी ओरडला.

मानाजी हवालदारानं बंदूक रोखली. बत्ती धुमसत होती. झुंबर जागची हलली नाही, पापणीसुद्धा नाही!

मानाजीनं बोटांनी बत्ती चिरडली. "किल्लेदार, कौल दरबाराचा होता. मोडलात तुम्ही, आणि जिभेची चव गेली आमची. बास झालं."

दरवाजा करकरत उघडला. मुसक्या बांधलेला शिदोजी कड्याकडे बघूनच गुडघ्यांवर कोसळला. "मुली, कडेलोट नको! पाया पडतो!"

"कडेलोट?" झुंबर हसली, आणि ते हसू पाहून मानाजीच्याही अंगावर काटा आला. "तो तर एका घटकेत संपतो, किल्लेदार. माझ्या बानं या घाटात तीस वर्षं ओझं वाहिलं."

तिनं मोत्याला घाण्यावरून सोडवलं, त्याची झापड काढली. त्याच्या गळ्यात घंटा बांधली, पाठ मात्र मोकळी ठेवली. मग घाटाच्या तोंडाशी येऊन स्वतःच्या हातानं तिनं पालाण सुलटं केलं आणि ते शिदोजीच्या पाठीवर आवळलं. बाकीच्या तांड्यांनीही आपापली पालाणं सुलटी केली.

तळच्या मिठागरावर त्या पालाणावर मिठाची गोणी चढली. वर येताना मोत्या पुढं, घंटा वाजवत. मागं शिदोजी, खांदे सोललेले, घामानं गोणी भिजलेली, प्रत्येक वळणाला "पाणी" म्हणत. लखमाकाकानं एकदा तांब्या पुढं केला. झुंबरनं तो अडवला नाही. तिनं फक्त मान फिरवली.

मागोमाग चाळीस बैल चढत होते, आणि तेवढेच बाजरी घेऊन उतरत होते.

त्या सांजेला कांबरगडावर महिन्याभरानं आमटीत मीठ पडलं. ते शिदोजीच्या पाठीवरून आलं होतं. शिपाई भुरके मारून जेवले.