रक्ताचं पथ्य

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुमच्या पायाची कातडी वाळलेल्या चामड्यासारखी ताठ झाली आहे, घोट्याच्या वर तळहाताएवढी जखम आहे आणि ती काही केल्या भरत नाही... थायलंडमधल्या खोन केन शहराजवळच्या एका गावात चांथिपची जखम अशीच होती. तिची थोरली बहीण बुआलाय रोज सकाळी ती धूत असे, पट्टी बदलत असे; पण दोघींमध्ये शब्द म्हणून नसे.

तीन वर्षांपूर्वी चांथिपच्या रक्तात रोग शिरला, तेव्हा बुआलायनेच तिला आपल्या मूळपेशी दिल्या होत्या. रोग गेला. पण तिच्या देहात रुजलेलं ते नवं रक्त तिच्याच कातडीला परकं समजून तिच्यावर उठलं. यात कुणाचा दोष नाही, असं डॉक्टरांनी परोपरीने समजावलं होतं. तरी वेदनेच्या भरात चांथिप एकदा बोलून गेली, "तुझ्या मनात माझ्याबद्दल काय आहे, ते तुझं रक्तच सांगतंय, ताई."

बुआलाय रडली नाही. आत काहीतरी बधिर झालं, एवढंच. जखमेच्या माणसाने अंडं, कोंबडी, मासा किंवा गावचा रोजचा चिकट भात खाल्ला की जखम चिघळते, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक. चांथिपच्या ताटातून ते सारं केव्हाच गेलं होतं. पण रक्त तर आपलं आहे... मग पथ्य आपणही पाळायला नको? त्या दिवसापासून बुआलायनेही ते सगळं सोडलं, कुणाला न सांगता.

"काय गं, शहरातली झालीस वाटतं?" शेजारची म्हातारी तिच्या ताटातला मोकळा भात बघून म्हणायची. "चिकट भाताचा गोळा वळायला बोटं विसरली की काय?"

"पोटाला सोसत नाही, काकी."

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी जखम बराच वेळ पाहिली. "ही खाते काय?"

"पेज, मीठ, उकडलेली भाजी," बुआलाय म्हणाली. "वर्ज्य काही देत नाही. एकदासुद्धा चुकले नाही."

"अहो ताई, नवी कातडी कशाची बनायची मग, पेजेची? रक्ताचं भांडण औषधांनी पुष्कळ निवलंय. जखम आता उपासामुळे अडली आहे. हिला अंडी द्या, मासे द्या. आणि वरून कातडी लावू. परक्याची कातडी शरीर टाकून देतं. पण हिचं रक्त आता तुमचं आहे. तुमची कातडी ते ओळखेल."

उपासामुळे... एवढा एकच शब्द बुआलायच्या कानात राहिला. जिवापाड जपून आपणच हिला उपाशी ठेवलं. तिला वाईटही वाटेना. जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली होती.

"मांडीची घेता ना?" ती म्हणाली. "घ्या."

"नको," चांथिप भिंतीकडे बघत म्हणाली. "मी तिला काय काय बोलले... आता आणखी कोणत्या तोंडाने घेऊ?"

"माझं रक्त तुझ्यावर उठतं ना? माझ्या कातडीवर नाही उठायचं. निदान तेवढी जागा तरी सुखात राहील."

चांथिप बहिणीकडे वळली. तिने होकाराची मान हलवली.

कातडी लावली. काही दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा ती गुलाबी दिसत होती, जखमेवर रुजली होती. नवी पट्टी बांधून झाली आणि चांथिपचा नवरा नऊ वर्षांच्या लेकीला, लाम्यायला, घेऊन दवाखान्यात आला. दुपारच्या ताटात उकडलेली अंडी होती. बुआलायने एक सोलून भाचीपुढे धरलं.

"मी नाही खात."

"का गं?"

"मावशी, तू बुद्धाच्या मूर्तीपुढे बोलत होतीस ना, ते मी ऐकलं. आईच्या अंगात तुझं रक्त, म्हणून तू खात नाहीस. मग मीसुद्धा आईच्याच रक्ताची ना? शाळेतलं अंडं मी कुत्र्याला घालते."

चांथिपने हळूच मान वळवली. "पोटाला सोसत नाही म्हणायचीस, ते हे होतं?"

बुआलाय एका हाताने पट्टीच्या कडा नीट करत राहिली.

"ताई... इतकी वर्षं?" चांथिपने तिच्या हातातलं अंडं घेतलं, मोडलं, अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि उरलेलं बहिणीच्या ओठांशी नेलं. "तुझ्या रक्ताला मी नाही नाही ते बोलले. खा आता. माझी शपथ आहे."

बुआलायने घास घेतला. चव लागत नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही तिला कळत नव्हतं.

चांथिपने दुसरं अंडं सोलून लेकीपुढे धरलं. लाम्याय बराच वेळ आईच्या पट्टीकडे बघत उभी राहिली, अंडं खाल्ल्याने ती कुठे लाल होतेय का ते बघत. मग तिने तोंड उघडलं.